अनुभव धागा : घरचं नेट, व्हीपीएन आणि डीएनएस

गावात फायबर आलं, त्यामागोमाग ऑफिसचं काम आलं आणि व्हीपीएनही, म्हणजे आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे बंदिस्त वाटेने नेणारी सोय. "नेट चालू आहे, पण काहीच उघडत नाही" असं कोणी म्हटलं की बरेचदा गाठ डीएनएसशी असते. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी ही सोय राऊटरमध्ये असते, फोनमध्ये असते, ब्राउझरमध्येही. वरून व्हीपीएन स्वतःची लावतं. विदर्भातल्या खेड्यांत राहणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत. नेमकं कोणतं सेटिंग बदललं तेही सांगा, दुसऱ्याच्या कामी येईल.

दारव्हा तालुक्यातून :
वहिनी गावातूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. दुपारी लाईन गेली, आली, राऊटर सुरू झाला, पण लॅपटॉपवर एक पान उघडेना. त्याच वायफायवर मोबाईल मस्त चालू. ८.८.८.८ या गुगलच्या आकडी पत्त्याला पिंग केलं (हाक मारून पाहिली) तर उत्तर येई, साइटचं नाव टाकलं की सापडत नाही म्हणे. म्हणजे तार शाबूत, नाव शोधणं बंद. वायफायच्या आयपीव्ही४ (आकडी पत्त्यांची जुनी पद्धत) सेटिंगमध्ये पाहिलं, तर डीएनएसच्या जागी १० ने सुरू होणारा पत्ता हाताने भरलेला. तो ऑफिसच्या आतला, व्हीपीएन जोडल्याशिवाय तिथवर पोचताच येत नाही. आणि व्हीपीएनला आपल्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएसच लागतो! ऑफिसच्या माणसाने व्हीपीएन चालू असताना दुरून भरून दिला होता, त्यामुळे जोडणी तुटेपर्यंत कोणाला पत्ताच नाही. डीएनएस 'आपोआप' वर नेला, व्हीपीएन लगेच जोडलं. ऑफिसचा डीएनएस व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्येच पाहिजे. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनमध्ये तर त्यासाठी वेगळी ओळ असते.

मूलहून :
माझं फोनवर अडलं. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, त्यात मी जाहिराती अडवणाऱ्या एका डीएनएसचं नाव टाकलं होतं. व्हीपीएन जोडूनही ऑफिसची आतली साइट उघडेना, कारण फोन त्या बाहेरच्या डीएनएसलाच विचारत राहायचा. कामाच्या वेळी 'ऑटोमॅटिक' ठेवतो.

चिखलीजवळून :
लेकरांसाठी राऊटरमध्ये १.१.१.३ टाकलं, क्लाउडफ्लेअरचा हा डीएनएस अश्लील आणि घातक साइट अडवतो. पण पोराने फुकटचं व्हीपीएन टाकलं की राऊटरला कोणी विचारतच नाही. फुकटच्या व्हीपीएनबद्दल कळकळीने सांगतो, आपल्या फोन-लॅपटॉपची सगळी ये-जा अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. पोराला बसवून हेच समजावलं, त्याने स्वतः काढलं.

चिखलीवाल्या दादांना, उमरखेडहून :
आयपीव्ही६ (आकडी पत्त्यांची नवी पद्धत) पण पाहा. राऊटर त्याचा डीएनएस वेगळा देतो, नुसतं आयपीव्ही४ मध्ये भरलं तर अडवलेल्या साइट तिकडून उघडतात. नेटच्या कंपनीने राऊटरचा पासवर्ड दिला नसेल तर फोनच्याच प्रायव्हेट डीएनएसमध्ये 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' टाका, मोबाईल डेटावरही तेच लागू राहील.