कोल्ट्रेनची शेवटची दोन वर्षे: पुढचे पाऊल की सुटलेला तोल?

मंद्रसप्तक:

अमेरिकन जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनवर जीव असलेले आपल्याकडचे बहुतेक रसिक 'अ लव्ह सुप्रीम' या तबकडीपाशी येऊन थांबतात, आणि १९६५च्या मध्यापासून पुढच्या ध्वनिमुद्रणांचा विषय निघाला की 'नंतर त्याचे बिनसले' एवढे बोलून मोकळे होतात. मला हे पटत नाही. त्याच्या वादनातली भावनेची धग आणि त्याची सतत बदलत गेलेली शैली यांची फारकत करता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. जे सांगायचे होते त्याच्या आड येणारी एकेक गोष्ट तो बाजूला सारत गेला आणि शेवटची दोन वर्षे हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

१९५७ साली हेरॉइनच्या व्यसनापायी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या संचातून काढले. त्याच वर्षी तो व्यसनातून बाहेर पडला आणि न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या साथीने कित्येक महिने वाजवत राहिला. पुढच्या वर्षी आयरा गिटलर या समीक्षकाने त्याच्या धबधब्यासारख्या तानांना 'स्वरांच्या चादरी' असे नाव दिले. १९५९च्या 'जायंट स्टेप्स'मध्ये स्वरांची ही भूक टोकाला गेली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तिथे षड्ज एका जागी टिकतच नाही. सा, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत या तीन ठिकाणी तो आलटून पालटून जाऊन बसतो, आणि तेही इतक्या वेगाने की टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकसुद्धा आपली पाळी आल्यावर चाचपडताना स्पष्ट ऐकू येतो. कॉर्डांच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, त्या रस्त्यावर याहून पुढे जायला फारशी जागा उरली नव्हती. १९६०च्या ऑक्टोबरमध्ये त्याने सोप्रानो सॅक्सोफोनवर 'माय फेवरिट थिंग्ज' वाजवले तेव्हा ती सगळी गर्दी ओसरलेली दिसते. षड्ज एकच आहे, त्यावर कधी कोमल गंधाराची छाया पडते, कधी शुद्ध गंधाराची, आणि एवढ्या ऐवजावर जवळपास चौदा मिनिटांचा विस्तार उभा राहतो.

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित झाले. त्यातल्या पहिल्या भागाचा पाया म्हणजे बास या खर्जाच्या तंतुवाद्यावरचे चार स्वर: सा, कोमल गंधार, सा, मध्यम. कोल्ट्रेन ते चारच स्वर उचलतो आणि बाराही पट्ट्यांतून फिरवतो, जणू एखाद्याने घरातल्या प्रत्येक खोलीच्या उंबरठ्यावर उभे राहून तीच हाक द्यावी. त्यानंतर सहाच महिन्यांनी, जून १९६५ मध्ये, अकरा वादकांना घेऊन केलेले 'असेन्शन' आले. मी ते प्रथम लावले तेव्हा घरच्यांनी काही न बोलता माझ्या खोलीचे दार बाहेरून ओढून घेतले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही ते ऐकताना मोकळे वाटले नाही. पण कॉर्ड गेले, मग ठरलेली पट्टी गेली, मग ठरलेला ठेका गेला, हा क्रम एकदा ध्यानात आला की तो गोंधळ परका वाटेनासा होतो.

जुनी तबकडी:

मंद्रसप्तक, तुमचा क्रम ऐकायला सुबक आहे, परंतु तो सुबक होण्यासाठी तुम्ही सोयीच्या तबकड्या निवडलेल्या आहेत. १९६१ मध्ये एरिक डॉल्फी या वादकासोबत तो जे वाजवत होता त्याला 'डाउनबीट' मासिकाच्या एका समीक्षकाने त्याच सुमारास 'जॅझविरोधी' ठरवले होते. मग त्याच काळात सुरू झालेल्या आणि १९६३ मध्ये बाजारात आलेल्या 'बॅलड्स'चे काय करायचे? त्याच वर्षी जॉनी हार्टमन या गायकासोबत केलेल्या तबकडीचे काय? तिथे कॉर्ड आहेत, चाल आहे, पाच-सहा मिनिटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक स्वर आपला श्वास पुरा करूनच थांबतो. कॉर्ड जर भावनेच्या आड येत होते, तर हे वादन इतके ओले कसे?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. १९६५ संपता संपता पियानोवादक मॅकॉय टायनर संच सोडून गेला आणि पाठोपाठ ड्रमवादक एल्विन जोन्सही गेला. आपलाच पियानो आपल्याला ऐकू येत नाही, ही टायनरची तक्रार होती. जो संच चार जणांच्या परस्परसंवादावर उभा होता त्यातल्या दोघांना तिथे राहणे अशक्य व्हावे, ही साक्ष बाहेरच्या समीक्षकाची नाही, घरातल्या माणसांची आहे. आणि १९६६च्या जपान दौऱ्यात तेच 'माय फेवरिट थिंग्ज' सत्तावन्न मिनिटांचे झाले. चौदा मिनिटांत जे सांगून झाले होते त्याला चौपट वेळ लागत असेल, तर आडकाठ्या दूर झाल्या असे म्हणावे, की थांबायचे कुठे हे कळेनासे झाले असे म्हणावे?

पायपेटी:

दोघांच्याही बोलण्यात एक गृहीतक आहे, की भावना सॅक्सोफोनमध्ये भरलेली असते आणि ती आपण नुसती ओतून घेतो. 'अलाबामा' घ्या. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅममधल्या चर्चवर बॉम्बहल्ला झाला, त्यात चार कृष्णवर्णीय मुली मरण पावल्या, आणि दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने ही रचना मुद्रित केली. टायनरच्या पियानोची खालची गुरगुर, तिच्यावर सॅक्सोफोनचे तुटक, बोलल्यासारखे स्वर, मध्येच काही वेळ येऊन विरून जाणारा ताल आणि पुन्हा तीच सुरुवातीची धून, असे तिचे रूप आहे. आपल्याला तिथे शोक ऐकू येतो. पण तबकडीवर शीर्षक नसते तर तो ऐकू आला असता का? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाच्या लयीवर ती बेतलेली आहे असे लोक ठासून सांगतात, मात्र त्याला पक्का पुरावा कोणी देत नाही. श्रोत्याने आधीच जे मनात धरले आहे तेच त्याला सापडते, असा माझा संशय आहे.

मंद्रसप्तक:

पायपेटी, 'अलाबामा'च्या बाबतीत तुमचा संशय मी खोडून काढू शकत नाही. परंतु 'अ लव्ह सुप्रीम'चा चौथा भाग त्या संशयातून सुटतो. तबकडीच्या वेष्टनावर कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. ती समोर धरून हा भाग ऐका. सॅक्सोफोन ती प्रार्थना शब्दशः, अक्षर न् अक्षर म्हणत जातो. ओळ संपते तिथे स्वर खाली उतरतो आणि देवाचे आभार मानणारे शब्द आले की बहुतेक वेळा त्याच वळणाने षड्जावर येऊन टेकतो. खाली ठेका नाही, एल्विन जोन्स टिंपानी या नगाऱ्यासारख्या वाद्यावर नुसते गडगडाट उठवतो आहे. आपल्याकडे हरिपाठ म्हणणारा माणूस ओळीच्या शेवटी जसा एका ठरलेल्या सुरावर येतो तसे ते आहे, आणि हे मी कल्पनेने चिकटवलेले नाही, कागद समोर धरून कोणीही पडताळून पाहू शकेल.

जुनी तबकडी, 'बॅलड्स'चा मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. माझा क्रम सरळ रेषेसारखा मांडण्यात माझी चूक झाली. तरीही टायनरच्या जाण्यावरून मी तुमच्याइतका मोठा निष्कर्ष काढणार नाही. दोन वादकांची वाट वेगळी झाली एवढेच त्यातून ठरते. चुकीच्या वाटेवर कोण होता ते ठरत नाही.

कोमल धैवत:

हरिपाठापर्यंत पोहोचलाच आहात, तर कोल्ट्रेनच्या भारतीय संगीताच्या ओढीचा उल्लेखही व्हायला हवा. त्याने मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले, आणि १९६१च्या 'इंडिया'मध्ये दोन बास घेऊन तंबोऱ्यासारखा अखंड गुंजणारा पाया तयार केला. त्याचे शेवटचे वादन मला आपल्या आलापासारखेच वाटते. फरक एवढाच की त्याचा आलाप द्रुतातच सुरू होतो.

जुनी तबकडी:

कोमल धैवत, ही तुलना कानाला गोड आहे, पण ती टिकत नाही. आलापात एकेका स्वराची जागा पक्की करून मगच पुढे जायचे असते आणि रागाबाहेरचा स्वर लागला तर श्रोता चमकतो; 'असेन्शन'मध्ये चमकायला कारणच उरत नाही, कारण बाहेर असे काही नाहीच. स्वतः रविशंकरांना कोल्ट्रेनविषयी आदर होता, तरी त्याच्या वादनातल्या खळबळीने आपण अस्वस्थ झालो हे त्यांनी पुढे बोलून दाखवले होते.

आणखी एक. सॉनी रॉलिन्स या सॅक्सोफोनवादकाला १९५९ मध्ये स्वतःच्या वादनाविषयी असमाधान वाटू लागले, तेव्हा तो मंचावरून उतरला आणि दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटाच रियाज करत राहिला. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने पुन्हा विराम घेतला तेव्हा तो आपल्या मुंबईत, पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. शैली बदलण्याचा हाही एक मार्ग आहे. कोल्ट्रेनने आपला सगळा शोध श्रोत्यांसमोर केला, आणि त्यातले अर्धे रियाजाच्या खोलीतच राहायला हवे होते.

बिगुलवाला:

मी गेली सोळा वर्षे लग्नाच्या बँडमध्ये ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो, त्यामुळे माझे बोलणे थोडे हाताचे आणि ओठाचे असेल. शेवटच्या काळातल्या ज्या आवाजाला सगळे किंकाळी म्हणतात तो काढून पाहिल्याशिवाय त्याविषयी मत बनवू नये, असे मला वाटते. एका फुंकेत दोन स्वर उमटवायचे तर चाव्यांवरची बोटे नेहमीपेक्षा वेगळी धरावी लागतात, ओठाचा दाब केसभर कमी करावा लागतो आणि घसा आतून असा उघडावा लागतो, की जरा चुकले तर नुसती हवा निघते. पावसाळ्यात रीड, म्हणजे तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी, फुगलेली असली की वरातीत माझ्याकडून तो आवाज चुकून निघतो आणि बँडमास्तर वळून बघतात. कोल्ट्रेन तो हवा तेव्हा काढतो, हवा तितकाच वेळ धरतो आणि हवा तिथे सोडतो. ज्याचा तोल सुटला आहे त्याला हे साधणार नाही.

मात्र मंद्रसप्तक यांचेही मला सगळे मान्य नाही. कॉर्ड गेले, पट्टी गेली, असे तुम्ही म्हणता. माझ्या कानाला ती कुठेच गेलेली नाहीत. फेब्रुवारी १९६७ मध्ये एकट्या रशीद अलीच्या ड्रम्सबरोबर केलेले 'इंटरस्टेलर स्पेस' ऐका. पियानो नाही, बास नाही, पण तिथल्या ताना 'जायंट स्टेप्स'मधल्यासारख्याच तिसऱ्या-तिसऱ्या स्वरांच्या उड्या मारत जातात. तळाचा जाड स्वर आणि वरचा कातरा स्वर तो इतक्या चटकन पालटून घेतो, की दोन माणसे भांडत असल्याचा भास होतो. त्याने काही टाकून दिले नव्हते. सगळे त्याच्या बोटांत मुरले होते, आणि म्हणून ते बाहेरून दाखवायची गरज उरली नव्हती. जुनी तबकडी, रियाजाच्या खोलीचे तुम्ही म्हणालात, पण हा माणूस कार्यक्रमाच्या मध्यंतरातसुद्धा आत जाऊन रियाज करत असे. 'इंटरस्टेलर स्पेस'नंतर पाच महिन्यांनी, १७ जुलै १९६७ रोजी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याचे वय चाळीस होते. पुलावर जाऊन उभे राहायला त्याच्यापाशी दोन वर्षे नव्हतीच.

जुनी तबकडी:

बिगुलवाले, तुमच्या आग्रहावरून काल रात्री 'इंटरस्टेलर स्पेस'मधला 'व्हीनस' पुन्हा लावला. सुरुवातीच्या घंटा, त्यामागून ब्रशने हलकेच वाजणारे ड्रम्स आणि मग सॅक्सोफोनची सावकाश उलगडणारी धून, एवढे ऐकताना मला 'बॅलड्स'चाच वादक भेटला हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढे वादळ आले, तरी शेवटी तीच धून परत आली तेव्हा ती कुठून कुठे जाऊन आली आहे ते मला सांगता आले असते. 'असेन्शन'विषयी हे मला आजही सांगता येत नाही. जपानच्या त्या सत्तावन्न मिनिटांविषयी तर माझे मत तसूभरही हललेले नाही. त्यात सुरुवातीचे जिमी गॅरिसनचे एकट्याचे बासवादन संपेपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो.