अमानुषीकरण, अमानवीकरण की आणखी काही?

टिपणवही : गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराच्या 'बिर्केनाउ' (२०१४) या, त्याच नावाच्या नाझी छळछावणीवरच्या चित्रांवर छोटं टिपण हवंय. 'डिह्यूमनायझेशन'ला (माणसाला माणूस न मानणं) 'अमानुषीकरण' चालेल का? आणि चित्रांना 'अमूर्त' म्हणावं का?

बोरूबहाद्दर : अमानुषीकरण नको. मराठीत 'अमानुष' करणाऱ्याला चिकटतं. 'अमानुष मारहाण' म्हटलं की मारणारा डोळ्यांपुढे येतो, मार खाणारा नाही. 'निर्मानवीकरण' वाचताना 'निर्मनुष्य रस्ता' आठवतो, गाव ओस पडल्यासारखं. 'अमानवीकरण' त्यातल्या त्यात बरं.

उंबरठा : 'माणसातून उठवणं' का नको? अस्सल आहे की.

बोरूबहाद्दर : अर्थ घसरतो. 'दारूपायी माणसातून उठला' यात ठपका उठणाऱ्यावरच येतो. छळछावण्यांत कैद्यांची मोजदाद करताना 'श्ट्यूक' म्हणत, म्हणजे आपले 'नग'. किराणा मोजावा तसं. तेव्हा सरळ 'माणसांना नग म्हणून मोजलं' लिहा. '-करण' लावलं की कर्ता पसार होतो.

रंगपेटी : आता चित्रांविषयी. चार कॅनव्हास, प्रत्येक २६० × २०० सेंमी, तैलरंग. आधार आहे बिर्केनाउच्या कैद्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन चोरून काढलेल्या चार फोटोंचा. फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर गेली. रिश्टरने फोटो कॅनव्हासवर प्रोजेक्ट करून आधी त्यातलं दृश्य उतरवलं, मग त्यावर थरांमागून थर चढवून स्क्वीजीने ओढले. काळा, करडा, पांढरा, मधूनच लाल आणि हिरवा.

स्क्वीजी म्हणजे मूठ लावलेली लांब पट्टी. खरी मेख थर किती सुकलाय यात असते. खालचा ओला असेल तर पट्टी सगळ्याचा एकच चिखल करते. खडखडीत सुकला असेल तर वरचा रंग नुसता सरकतो, खालचं काही उचलून येत नाही. अर्धवट सुकलेल्या थरावर पट्टी अडखळते, रंग फाटतो आणि भेगांतून आधीचे रंग दिसू लागतात. दाब कमी-जास्त झाला की आडवे पट्टे उमटतात. या चित्रांचा पृष्ठभाग तसा फाटका आहे.

'अमूर्त' चालेल. 'नॉन-ऑब्जेक्टिव', म्हणजे कुठल्याच वस्तूचा वा दृश्याचा आधार नसलेलं, मात्र नको. चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या कामाला तो शब्द लावत, तिथे तो बसतो. इथे थरांखाली एक ठरावीक प्रसंग आहे. चित्रांसोबत ते फोटोही मांडतात, हे टिपणात हवंच. नाहीतर वाचकाला नुसते काळे-करडे कॅनव्हास दिसतील.

टिपणवही : मग 'अमूर्तीकरणातून अमानवीकरणावर भाष्य'?

बोरूबहाद्दर : एका ओळीत दोन 'करणं'! त्यापेक्षा : 'ज्यांना नग म्हणून मोजलं, त्यांच्या मरणाचे फोटो रिश्टरने कॅनव्हासवर उतरवले आणि रंगाखाली पुसून टाकले.'

रंगपेटी : 'पुसून टाकले' बदला, 'झाकले' करा. रंगाखाली आहेत म्हणताय, तर पुसले कसे?