प्रसार रोखणारी जनुके रक्ततपासणीत दिसतात का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझ्या मावशीच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया झाली असून काखेतील दोन लसिकाग्रंथींत रोग आढळला आहे. बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतील वारशाने आलेल्या दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) रक्ततपासणीत दोष निघाला नाही. मात्र कर्करोगाचा प्रसार रोखणारी वेगळी जनुकेही असतात, असे नंतर माझ्या वाचनात आले. तीही याच तपासणीत निर्दोष ठरली, असे समजावे का? खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत) त्यांची चाचणी होते का?

उत्तर (खारघर)
तसे समजू नये. मराठी लेखांत सगळ्यांनाच सरसकट ‘कर्करोगरोधक जनुके’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. पी५३ सारखे जनुक मुळात गाठ होऊ नये म्हणून पहारा देते. आपण म्हणता ती जनुके मूळ गाठीच्या वाढीला हात लावत नाहीत, पण तिच्यातून सुटून फुप्फुसात किंवा हाडात पोहोचलेल्या पेशींना तिथे बस्तान बसवू देत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पॅट्रिशिया स्टीग आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये यांतले पहिले जनुक, एनएम२३, शोधले. उंदरांच्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ज्या पेशी फार पसरत, त्यांत ते जवळजवळ मूक झालेले होते. ‘मूक’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण बहुतेक वेळा या जनुकांचा मजकूर शाबूत असतो, फक्त पेशी तो वाचेनाशी होते. आणि हे घडते गाठीत, त्यामुळे वारशाने आलेले दोष शोधणाऱ्या रक्ततपासणीत ते दिसणार नाही.

उत्तर (कळवा)
किस१ हे असेच दुसरे जनुक. ते 1996 मध्ये पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी सापडले आणि तिथल्या ‘किसेस’ या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याचे नाव पडले. पुढे त्याच जनुकापासून बनणारे किसपेप्टिन हे संप्रेरक वयात येण्यासाठी आवश्यक असल्याचे दिसले, म्हणजे ही जनुके केवळ कर्करोगासाठी राखून ठेवलेली नाहीत. शिवाय न्यूरोब्लास्टोमा या बालकांच्या कर्करोगात एनएम२३ चे प्रमाण वाढलेले असणे उलट आक्रमक रोगाशी जोडलेले आढळते, तेव्हा एका आकड्यावरून भाकीत करणे धोक्याचे.

प्रश्नकर्ती
मग डॉक्टरांना काय विचारावे?

उत्तर (खारघर)
एनएम२३ ची चाचणी नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. ॲक्ट्रेकच काय, कुठेही तिच्यासाठी धावपळ करू नये. गाठीच्या अहवालातील ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर संप्रेरकांचा परिणाम होतो का हे सांगणारी ग्राहक प्रथिने) आणि हर२ (पेशींची वाढ चेतवणारे प्रथिन) यांचे निष्कर्ष व बाधित ग्रंथींची संख्या समजून घ्यावी; मावशींचे पुढचे औषध मुख्यतः त्यांवर ठरेल.