प्रेसमडचा मुरघास: आधी पेटंट की आधी पेपर?

मडवाला: नमस्कार. साखर कारखान्याच्या सीबीजी (दाबाखालचा बायोगॅस) प्लँटवर केमिस्ट आहे. शंभर टन उसामागे तीन-चार टन प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ, आमच्या बोलीत मड) निघतो, पण तो गाळप हंगामातच. गॅस तयार करणाऱ्या बंद टाकीला, म्हणजे डायजेस्टरला मात्र बारा महिने खाद्य लागतं. यार्डात ढीग लावला की आतून तापतो, सकाळी वाफा निघताना दिसतात. ज्यातून गॅस व्हायचा तेच असं उघड्यावर जळताना बघून जीव तुटतो.

घरी म्हशींसाठी हिरव्या चाऱ्याचा मुरघास करतो, तसाच मड दाबून हवाबंद केला. पहिल्या खेपेला बुरशी आली. दुसऱ्या वर्षी त्यात डिस्टिलरीतलंच एक सांडपाणी मिसळलं. जूनमध्ये उघडला तर आंबूस वास, आणि गॅस ताज्या मडच्या जवळपास! पुढच्या महिन्यात साखर तंत्रज्ञांच्या परिषदेत पेपर वाचायचाय. पेटंट नंतर केलं तर चालेल का?

दावा_क्रमांक_१: कोणतं सांडपाणी, किती, हे इथे अजिबात लिहू नका, अर्जाआधी उघड झालेलं पेटंटच्या आड येतं. तरी विद्वत्सभेत शोधकर्त्याने स्वतः पेपर वाचला तर पेटंट कायद्याच्या कलम 31 प्रमाणे बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पण ही सवलत भारतापुरती. युरोपात तोच पेपर तुमच्या आड येईल. परिषदेच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, तारीख राखून ठेवणारा) अर्ज टाका. वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन फी 1,600 रुपये, दावे (नेमका कशावर हक्क हवा ती कलमं) तेव्हा लागत नाहीत, पूर्ण स्पेसिफिकेशनला (शोधाच्या पूर्ण वर्णनाला) बारा महिने मिळतात. मात्र कृती सविस्तर लिहा. जे त्यात नसेल त्याला त्या अर्जाची तारीख मिळणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. मुरघास जुनाच. कलम 3(डी) नुसार माहीत असलेली प्रक्रिया नुसती वापरली तर तो शोध धरत नाहीत. तुमचं बळ त्या सांडपाण्यात आणि प्रमाणात आहे. ते न घालता ठेवलेल्या मडचे आकडे आहेत का?

बॉयलर_ते_बायोगॅस: पहिल्या खेपेचे, बुरशीवाले आकडे फेकू नका! तीच तुलना कामाला येईल. पीएच (आम्लता), व्होलाटाइल सॉलिड्स (मडमधला जळून जाणारा सेंद्रिय भाग), गॅस, सगळं तारखेनिशी वहीत हवं. आणि नेमणूकपत्र काढून वाचा. आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधावर मालकी कुणाची याचं वेगळं कलम नाही, सगळं करारावर ठरतं.

मडवाला: दोघांचे मनापासून आभार. वही सापडली, बुरशीच्या खेपेचं पीएच रोजचं लिहिलंय. नेमणूकपत्रात मात्र 'सेवाकाळातील संशोधन कारखान्याचे' असं वाक्य निघालं, सही माझीच. अर्ज कारखान्याच्या नावाने गेला तर शोधकर्ता म्हणून माझं नाव राहतं का?

दावा_क्रमांक_१: राहतं. मालक कुणीही असो, फॉर्म 1 मध्ये शोधकर्त्याचा रकाना वेगळा आहे. तुमच्या हाताखाली मड दाबणाऱ्यांपैकी प्रमाण कुणी सुचवलं असेल, तर त्यांचंही नाव घाला.

मडवाला: सुचवलं होतं, आमच्या शिफ्ट ऑपरेटरने. उद्या त्यालाच घेऊन एमडी साहेबांकडे जातो.