मदत हवी आहे : वाटाघाटींची 'कोंडी' म्हणावे की 'तिढा'?

आमच्या अलिबाग तालुक्यातील एका वाचनालयासाठी मी चरी गावच्या शेतकरी संपावर माहितीफलक लिहीत आहे आणि त्यातील एका वाक्यापाशी अडलो आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी खोतांच्या (जमीनदारांच्या) जमिनी कसणे थांबवले आणि हा संप १९३९ पर्यंत टिकला. मधली कित्येक वर्षे दोन्ही पक्ष आपापल्या भूमिकेवर ठाम होते. त्या स्थितीसाठी मला नेमका शब्द हवा आहे.

पहिल्या खर्ड्यात मी 'वाटाघाटींची कोंडी' असे लिहिले होते. वृत्तपत्रांत हा प्रयोग रूढ आहे आणि 'कोंडी फुटली' हे पुढचे वाक्यही सहज जुळते. परंतु कोंडी करणारा आणि कोंडीत सापडणारा असे दोन पक्ष या शब्दात गृहीत असतात, आणि 'खोतांनी कुळांची कोंडी केली' हे वाक्य फलकावर आधीच आलेले आहे. त्यामुळे वाचकाचा गोंधळ होईल, असे वाटते.

'तिढा' घेतला तर गुंता दोघांनी मिळून केला आणि दोघांनीच तो सोडवायचा, असा सूर लागतो. एकीकडे जमिनीची मालकी आणि दुसरीकडे केवळ कष्ट असताना, शेते ओस टाकून उपासमार सोसणाऱ्या कुळांवर त्या गुंत्याचा निम्मा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. 'बोलणी फिसकटली' म्हणजे विषय संपला. इथे तर १९३९ च्या कुळ कायद्यापर्यंत तो जिवंत होता. 'भिजत घोंगडे' मुळीच चालणार नाही, कारण त्यात हेळसांड आहे आणि या लोकांनी तर एकही हंगाम सहज घालवला नाही. 'गतिरोध' अर्थाने जवळचा आहे, पण तो हिंदी बातमीपत्रातून आल्यासारखा वाटतो आणि फलक वाचणारी बहुतेक मंडळी शेतकरी व मच्छीमार कुटुंबांतील आहेत.

सध्या मी 'बोलणी खुंटली' या प्रयोगाकडे झुकलो आहे, कारण त्यात दोष कोणाचा हे शब्दच ठरवून टाकत नाही आणि पुढे चालना मिळण्याची शक्यताही उरते. मात्र 'सहा वर्षे बोलणी खुंटलेली होती' असे दीर्घ काळासाठी लिहिणे योग्य ठरेल का, की 'खुंटणे' हे एका क्षणाचेच क्रियापद आहे? जाणकारांनी कृपया पूर्ण वाक्यात वापरून दाखवावे. अलिबाग, पेण किंवा मुरुड भागातील आगरी-कोळी बोलीत याहून अचूक शब्द असेल, तर तोही अवश्य सांगावा.