व्हीएमसीवर तीन वर्षं काढली, पण सीव्ही टाकला की पुढं काहीच होत नाही

मिरजेचा_गडी
नमस्कार मंडळी. 2021 ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला, मग कुपवाड एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्याकडं व्हीएमसीवर (धातू कापायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) तीन वर्षं होतो. नंतर वडिलांचं ऑपरेशन झालं, उसाचं सगळं माझ्यावर आलं, त्यात एक वर्ष घरीच गेलं. आता चाकण-भोसरीकडं बघतोय. दीड महिन्यात चाळीसेक ठिकाणी सीव्ही टाकला आणि फोन आले दोन, त्यातला एक कन्सल्टन्सीवाला आधी पैसे भर म्हणाला. सीव्ही नेट कॅफेत बनवून घेतलाय, तीन पानी, डावीकडं निळा पट्टा, त्यात फोटो, स्किलपुढं स्टार. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, खाली वडिलांचं नाव, धर्म, अविवाहित, हॉबी क्रिकेट, शेवटी डिक्लरेशन. मित्र म्हणतात भारी दिसतोय. मग अडतंय कुठं?

भोसरीचा_तात्या
अरे हा सीव्ही नाही, लग्नाचा बायोडेटा आहे, वर श्री गणेशाय नमः आणि खाली मामाचं गाव तेवढं राहिलं हाहा. मी प्रॉडक्शनला आहे, माझ्याकडं गठ्ठा येतो, आणि निम्म्यांत एकच ओळ असते, सीएनसी व्हीएमसी मशीन ऑपरेट केलं, हार्डवर्किंग. यातनं मला काय कळणार? मशीनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फॅनक का सीमेन्स? जॉब, म्हणजे मशीनवर लावायचा तुकडा, कसला, कास्ट आयर्न का ॲल्युमिनियम? सेटिंग स्वतः करतोस का सेटर लावून देतो आणि तू सायकल स्टार्ट दाबतोस? जी54 ला ऑफसेट, म्हणजे जॉबचा झीरो कुठं ते मशीनला सांगणं, टाकता येतो का? हे पहिल्या अर्ध्या पानात पाहिजे. तुझ्या सीव्हीत काय लिहिलंय?

मिरजेचा_गडी
तात्या तीच ओळ आहे 🙈 हार्डवर्किंगसकट. पण सेटिंग मीच करायचो. फॅनक कंट्रोल, पंपाची हाउसिंग, कास्ट आयर्नची. दीड तास लागायचा जॉब बदलायला, फिक्श्चरला (जॉब पकडून ठेवतं ते) लोकेटिंग पिना टाकून घेतल्या तर पन्नास मिनिटांवर आला. हे लिहायचं असतं हे माहीतच नव्हतं.

एचआर_ताई_वाकड
हेच तर लिहायचं असतं रे दादा! आता माझ्या बाजूनं सांगते. मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला तुझा निळा पट्टा आणि दोन कॉलम झेपतीलच असं नाही, स्टारचा तर त्याला काही अर्थच लागत नाही. घरच्या घरी बघता येतं, पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर, ओळी एकमेकांत घुसल्या किंवा काहीच आलं नाही (स्कॅन केलेला असेल तर नाहीच येणार) तर सॉफ्टवेअरलाही बहुतेक तसंच दिसतं. एकच कॉलम ठेव, साधा फॉन्ट, दोन पानांच्या आत. व्हीएमसी पण लिही आणि व्हर्टिकल मशिनिंग सेंटर पण, कारण कोण काय टाकून शोधेल सांगता येत नाही. फाइलला न्यू सीव्ही फायनल 2 असलं नाव नको, स्वतःचं नाव आणि व्हीएमसी सेटर एवढं पुरे. धर्म, वडिलांचं नाव काढ. आधार नंबर टाकला असशील तर आधी तो काढ.
गॅप लपवू नको, तारखा ओढूनताणून जुळवल्या की रिलीव्हिंग लेटर बघताना पकडलं जातं आणि मग सगळ्यावरच शंका येते. एका ओळीत लिही, घरचं आजारपण, शेती सांभाळली, आता जॉइन व्हायला तयार. आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून दे.

रांजणगाव_रिटर्न
ताईंचं बरोबर आहे पण ते मोठ्या कंपनीला. छोट्या वेंडरकडं कुठलं आलंय सॉफ्टवेअर, मालक चहा पिता पिता व्हॉट्सॲपवर बघतो, तेही मोबाइलवर, म्हणून अक्षरं बारीक नकोत. मला दोन नोकऱ्या गेटवर प्रिंट देऊन लागल्यात. फोटो असला तरी तिथं कुणाचं काही बिघडत नाही. डिक्लरेशनचं काय करायचं ते कर, मी तरी ते कुणी वाचताना बघितलं नाही.

मिरजेचा_गडी
आत्ता बसून ही ओळ केलीय, सीव्हीत साध्या इंग्रजीत टाकणार: "फॅनक कंट्रोलच्या व्हीएमसीवर पंप हाउसिंगचं सेटिंग आणि मशिनिंग, 50 एमएम बोअर एच7 मध्ये. लोकेटिंग पिना वापरून जॉब बदलायचा वेळ 90 मिनिटांवरून 50 मिनिटांवर." जमतंय का?

भोसरीचा_तात्या
आता कसं! पण एच7, म्हणजे बोअरच्या मापात किती फरक चालतो ते, लिहिलंस म्हणजे इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार. किती मायक्रॉन आणि मोजायचास कशानं?

मिरजेचा_गडी
शून्य ते प्लस 25. बोअर डायल गेजनं, रिंग गेजवर झीरो करून.

भोसरीचा_तात्या
मग हे कुठाय सीव्हीत? टाक की.