"आरटीईवाले उभे राहा": बाईंचं काही चुकलं का?

इंदोराकर:
माझी भाची आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं गरीब-वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांतून एका खाजगी शाळेत तिसरीत आहे. सहलीच्या आधी बाई भर वर्गात म्हणाल्या, "आरटीईवाले उभे राहा, तुमचे पैसे आले नाहीत." पाच पोट्टे उभे, बाकीचे मागं वळून पाहून राहिले. पोरगी घरी काही बोलली नाही, डबा तेवढा भरलेला परत आला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये छडीबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. हा त्रास नाही तर काय?

धंतोली_हिशेबनीस:
मी एका लहान शाळेचे हिशेब पाहते, म्हणून शाळेच्या बाजूनं बोलते. या मुलांची फी सरकारकडून येते, तीही थकते. सहलीचे पैसे कोणी भरायचे? बाईंच्या हातातल्या यादीत नावापुढे 'आरटीई' छापलेलंच असतं. जे दिसलं ते वाचलं. वाईट हेतू नसेल.

कामठी_रोड:
मी म्हणतो, तिथं जायचंच कशाला? पैसेवाल्यांच्या शाळेत अपमान विकत घेण्यापेक्षा मनपाच्या शाळा सुधारा. जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढलीच ना? कोणाच्या दारात गेल्या नाहीत.

इंदोराकर:
भाऊ, ती शाळा काऊन काढावी लागली तेही सांगा ना. कामठी ते नागपूर लोकांचं सामान वाहणारी बाई शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. नोकरी गेली. स्वतःची शाळा त्यानंतरची. गेल्या होत्या त्या दारात, बाहेर काढलं त्यांना.
मनपाच्या शाळा सुधारा, कोण नाही म्हणतं? पण २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं काय केलं? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली. जुलैत हायकोर्टानं तो नियम रद्द केला. त्या सुटीनं मनपाच्या शाळेतला एक तुटका बाक तरी बदलला असता का?
आणि हिशेबनीस ताई, हेतूचं जाऊ द्या. फी थकलेल्या बाकीच्यांना वर्गात उभं करता का तुम्ही? त्यांच्या घरी फोन जातो.

धंतोली_हिशेबनीस:
हो, फोनच करतो. हे डोक्यात आलं नव्हतं. 'आरटीई'चा रकाना हजेरीच्या प्रतीतून काढून ऑफिसपुरता ठेवता येईल, ते माझ्या हातात आहे. सहलीचा खर्च नाही.

कामठी_रोड:
मत बदललं नाही माझं. पोरगी सहलीला गेली का पण?

इंदोराकर:
नाही. पैसे भरतो म्हटलं, तीच नको म्हणाली.